वाकण्याची जागा : पूल, भूकंप आणि वर्धा जिल्हा

भूकंपरोधक बांधकामावरचे पुस्तक वर्धा जिल्ह्यातल्या वाचकाला कशाला हवे, हा प्रश्न या प्रस्तावनेला टाळता येणार नाही. इथल्या माणसाला आठवतात ते पूर, नापिकीची वर्षे आणि मे महिन्यातले ऊन. घर हादरल्याची आठवण फारशी कुणाकडे नाही. सरकारी कागदही त्याच बाजूने बोलतो. भूकंपाच्या भाराबद्दलची भारतीय संहिता म्हणजे आयएस 1893. तिच्या 2016 च्या आवृत्तीत देशाचे दोन ते पाच असे चार झोन आहेत आणि वर्धा पडतो झोन दोनमध्ये, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात. पुणे-मुंबई झोन तीनमध्ये, कोयना चारमध्ये, कच्छ पाचमध्ये. वर्धेकराने निर्धास्त राहावे असेच हा नकाशा वाचून वाटते.

पण त्या नकाशाचा इतिहासही वाचला पाहिजे. पहिला नकाशा 1962 चा. त्यात आणि त्यानंतरच्या 1966 च्या नकाशातही दख्खनचे पठार स्थिर मानले होते आणि कोयनेचा परिसर अगदी खालच्या पट्ट्यांत होता. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनानगर उद्ध्वस्त झाले, दीडशेहून अधिक माणसे गेली आणि 103 मीटर उंचीच्या धरणाच्या वरच्या भागात आडव्या भेगा पडल्या. 1970 मध्ये नकाशा बदलला. नव्या नकाशात किल्लारीचा परिसर झोन एकमध्ये, म्हणजे तेव्हाच्या सर्वांत सुरक्षित पट्ट्यात होता. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे तिथे जे घडले ते महाराष्ट्राला सांगायची गरज नाही. 2002 मध्ये झोन एक नकाशातूनच काढून टाकला गेला आणि किल्लारीचा भाग तीनमध्ये गेला. दोन्ही वेळा धरणी आधी हलली आणि नकाशा नंतर. नकाशा काढणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. जिथे दोन मोठ्या भूकंपांमध्ये शेकडो किंवा हजारो वर्षे जातात, तिथली नोंदवही शे-दीडशे वर्षांची असेल तर ती कोरीच दिसणार.

वर्ध्याच्या उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी गाविलगडचा भ्रंश आहे आणि त्याही पलीकडे नर्मदा-सोनचा पट्टा. 22 मे 1997 रोजी जबलपूरला 5.8 तीव्रतेचा भूकंप झाला तो याच पट्ट्यात. वर्ध्यापासून सरळ रेषेत हे अंतर सुमारे 300 किलोमीटर. दक्षिणेला वर्धा नदी वैनगंगेला मिळून प्राणहिता होते आणि गोदावरीत जाते. ते खोरे म्हणजे जमिनीतली एक प्राचीन खचदरी. तिच्यातच 1969 मध्ये भद्राचलमचा आणि 4 डिसेंबर 2024 रोजी तेलंगणातल्या मुलुगूचा 5.3 तीव्रतेचा भूकंप झाला. मुलुगूचा धक्का गडचिरोली, चंद्रपूर आणि नागपूरपर्यंत लोकांनी अनुभवला. त्याच वर्षी मार्च आणि जुलैमध्ये हिंगोली परिसरात 4.5 तीव्रतेचे धक्के बसले. यातून वर्ध्यावर संकट कोसळणार असे भाकीत निघत नाही, आणि हे पुस्तक ते करतही नाही. इथला धोका कमी आहे. तो शून्य नाही. कमी धोक्याच्या जागी किती आणि कसला खर्च करावा, हा खरा व्यवहाराचा प्रश्न आहे. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत या शास्त्राने जी वाट शोधली ती याच प्रश्नावर वर्ध्यासारख्या जिल्ह्याच्या सर्वाधिक कामाची आहे.

ती वाट एका वाक्यात सांगता येते: इमारत किंवा पूल कुठे वाकणार हे आधी ठरवा. जुना विचार मजबुतीचा होता. जोर जास्त तर भिंत जाड, खांब जाड. पण भूकंपाचा जोर बाहेरून येऊन आदळत नाही. जमीन हलते आणि वरचे वजन जडत्वाने मागे राहते, म्हणून तो निर्माण होतो. वजन वाढवले की जोरही वाढतो. म्हणजे नुसत्या जाडीने पाठलाग संपत नाही.

संहितेतले सूत्रच उदाहरणादाखल घेऊ. झोन दोनचा गुणांक 0.10. वर्ध्यातली एक आटोपशीर उंचीची शाळा घेतली, तिचे वजन 1,000 टन मानले आणि शाळा म्हणून महत्त्वदर्शक गुणांक 1.5 लावला. काहीही न वाकता, न तडकता ती हादरा पेलेल अशी बांधायची तर सूत्रातले बाकीचे गुणांकही धरून सुमारे 187 टनांचा आडवा जोर धरावा लागतो. साध्या काँक्रीट सांगाड्याला संहिता हा आकडा तीनाने भागू देते, म्हणजे उरतात साधारण 62 टन. विशेष तन्य (न तुटता वाकू शकणाऱ्या) सांगाड्याला पाचाने भागू देते, म्हणजे 37 टन. उरलेला जोर कुठे जातो? तो कुठेच जात नाही. सांगाड्याने न तुटता वाकून, पुन्हा पुन्हा वाकून, ती ऊर्जा जिरवावी असा हा करार आहे. 187 चे 37 करण्याची मुभा घेतली की वाकण्याची हमी द्यावीच लागते. मुभा घ्यायची आणि हमी विसरायची, ही आपल्याकडच्या बांधकामाची जुनी खोड आहे.

ही हमी कशी द्यायची याचे शास्त्र 1970 च्या आसपास न्यूझीलंडमध्ये रॉबर्ट पार्क आणि थॉमस पॉले या अभियंत्यांनी घडवले. घरातला फ्यूज जसा सर्वांत आधी जळावा म्हणूनच बसवलेला असतो, तशा सांगाड्यातल्या काही ठरावीक जागा आधी वाकाव्यात आणि बाकीचे भाग त्यांच्यापेक्षा मुद्दाम ताकदवान ठेवावेत. इमारतीत तुळई आधी वाकावी, खांब नंतर. खांब गेला तर वरचे सगळे मजले खाली येतात. पुलात खांबाचे तळाचे टोक वाकावे, पाया नव्हे. खांबाची दुरुस्ती हाताच्या अंतरावर असते, पाया नदीच्या तळाखाली.

वाकण्याची जागा म्हणजे प्रत्यक्षात काय, हे साइटवरच्या भाषेत सांगायचे तर रिंगा. खांबातल्या उभ्या सळयांना आडव्या रिंगांनी आवळलेले असते. हादऱ्यात बाहेरचे काँक्रीट उडते आणि आतला गाभा रिंगांच्या आवळणीवर तग धरतो. रिंगेचे टोक 90 अंशांत वळवून सोडले असेल तर कवच उडताच ती उघडते आणि गाभा विस्कटतो. तेच टोक 135 अंशांत वळवून गाभ्यात अडकवले असेल तर ती धरून ठेवते. तन्य बांधणीची संहिता आयएस 13920 खांबाच्या टोकांशी रिंगांमधले अंतर 100 मिलिमीटरपेक्षा जास्त ठेवू देत नाही. जास्त लागते ते थोडे लोखंड आणि जास्त लागते ती लोखंड बांधणाऱ्याची मेहनत.

17 जानेवारी 1995 रोजी जपानमधल्या कोबे शहरात हानशिन उन्नत महामार्गाचा सुमारे 600 मीटर लांबीचा सलग तुकडा कुशीवर आडवा झाला. 1960 च्या दशकातले ते जाडजूड खांब होते. रिंगा मात्र विरळ होत्या. जगातल्या सर्वांत सावध बांधकाम-संस्कृतीला तो धक्का बसला आणि त्यानंतर तिथल्या जुन्या पुलांच्या खांबांना पोलादी आणि काँक्रीटची वेष्टने चढवण्याचे काम मोठ्या प्रमाणावर सुरू झाले.

आता वर्ध्याची अडचण पाहा. आयएस 13920 झोन तीन, चार आणि पाचमध्ये बंधनकारक आहे. झोन दोनमध्ये ती ऐच्छिक राहते. म्हणजे पुण्यात जी रिंग नियमाने आत वळते, ती हिंगणघाटात किंवा आर्वीत वळली तर वळली. पुलांच्या बाबतीतही भारतीय रस्ते परिषदेच्या भारसंहितेत बरीच वर्षे अशी सवलत होती की, झोन दोन आणि तीनमध्ये एकूण लांबी 60 मीटरपेक्षा आणि एकेक गाळा 15 मीटरपेक्षा जास्त नसेल तर भूकंपाचा हिशेब करण्याची गरज नाही. ओढ्या-नाल्यांवरचे, गावाला गावाशी जोडणारे बहुतेक पूल याच मापात बसतात. कायद्याने मागितलेले नाही, म्हणून केलेले नाही. किल्लारीच्या अनुभवानंतरही आपण ही वाक्यरचना सोडलेली नाही.

पुलाची रचना वाचकाने एकदा डोळ्यांसमोर आणली की पुढची प्रकरणे सोपी जातील. आपल्या भागातला नेहमीचा पूल म्हणजे खडकावर किंवा विहिरी उतरवून घेतलेला पाया, त्यावर खांब, खांबावर टोपी, टोपीवर बेअरिंग आणि बेअरिंगवर सुटे गर्डर. एका गाळ्याचा गर्डर दुसऱ्याला जोडलेला नसतो. मध्ये सांधा असतो. उन्हाळ्यात काँक्रीट लांबते, हिवाळ्यात आखडते, म्हणून ही सुटी रचना सोयीची. भूकंपात मात्र तिचा धोका वेगळा: खांब न मोडताही गर्डर टोपीवरून घसरून खाली पडू शकतो. त्यावरचा उपाय साधा आहे. टोपीवरची बैठक पुरेशी रुंद ठेवणे, गर्डरच्या बाजूंना काँक्रीटचे ठोकळे उभारणे, शेजारच्या गाळ्यांना पोलादी पट्ट्यांनी किंवा केबलने बांधणे. यातले काहीही परदेशातून आणावे लागत नाही.

याच्या पुढची पायरी म्हणजे बेअरिंगलाच कामाला लावणे. न्यूझीलंडचे शास्त्रज्ञ बिल रॉबिन्सन यांनी 1970 च्या दशकात रबर आणि पोलादी पत्र्यांचे थर एकमेकांवर चिकटवून त्यांच्या मधोमध शिशाचा दंडगोल बसवला. रबर वरच्या बांधकामाला जमिनीच्या जलद कंपनापासून सोडवते; बांधकाम मग एक-दोन सेकंदांच्या संथ झोक्याने हलू लागते आणि अंगावर येणारा जोर घटतो. शिसे त्या हालचालीत आकार बदलत ऊर्जा खाते. वेलिंग्टनमधली विल्यम क्लेटन ही इमारत 1981 मध्ये या बेअरिंगांवर उभी राहिली. 2001 च्या भूकंपात भुजचे जिल्हा रुग्णालय कोसळले. त्याच्या जागी बांधलेले नवे रुग्णालय याच तंत्रावर उभे आहे. घर्षणाचा लंबक हे याचेच दुसरे रूप. त्यात बांधकाम वाटीसारख्या खोलगट पोलादी पृष्ठावर सरकते आणि स्वतःच्या वजनाने परत मध्यावर येते.

पुलांनी यातून आणखी धीट वाटा काढल्या. न्यूझीलंडमधल्या दक्षिण रांगितिकेई रेल्वे पुलाचे सुमारे 70 मीटर उंचीचे खांब 1981 पासून असे उभे आहेत की मोठ्या हादऱ्यात त्यांचा एकेक पाय जागेवरून किंचित उचलला जावा आणि पिळल्या जाणाऱ्या पोलादी दांड्यांनी ती हालचाल आवरावी. ग्रीसमधला 2004 चा रिओ-अँटिरिओ पूल याहून विलक्षण. समुद्राचा तळ मऊ, खडक हाती लागत नाही, दोन्ही किनारे एकमेकांपासून दूर सरकताहेत. अभियंत्यांनी तळात पोलादी नळ्या ठोकून माती बळकट केली, त्यावर खडीचा थर पसरला आणि 90 मीटर व्यासाचे पाये त्या थरावर नुसते ठेवले. बांधले नाहीत. मोठा भूकंप आला तर पूल थोडा सरकेल, ही त्यांनी आधीच दिलेली परवानगी आहे. सिएटलमध्ये 2017 च्या एका रॅम्पच्या खांबांत निकेल-टायटॅनियमच्या सळया आहेत. वाकल्यावर त्या मूळ आकारात परततात, आणि त्यांच्याभोवती तंतुमिश्रित, न फुटता ताणले जाणारे काँक्रीट आहे. भारतातही जम्मू-काश्मीरमधल्या चिनाब रेल्वे पुलाची 467 मीटरची कमान, जून 2025 मध्ये वाहतुकीला खुली झालेली, तिथल्या झोनपेक्षा वरच्या झोनचा भार धरून आखलेली आहे.

वर्ध्यातल्या पुलांना निकेल-टायटॅनियम नको आहे. समृद्धी महामार्ग सेलू, वर्धा आणि आर्वी तालुक्यांतून जातो. हिंगणघाटला राष्ट्रीय महामार्ग वणा नदी ओलांडतो. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाला. मोठ्या प्रकल्पांना आराखडा तपासणारे सल्लागार असतात. प्रश्न आहे तो नाल्यावरच्या पुलाचा, ज्याचा नकाशा जुन्या नमुन्यावरून उतरवला जातो. या पुस्तकातले परदेशी दाखले वाचताना तंत्राची किंमत पाहू नये, विचाराची दिशा पाहावी. रिओच्या अभियंत्याने सरकण्याची जागा ठरवली, तर देवळी तालुक्यातल्या कनिष्ठ अभियंत्याने टोपीची बैठक 20 सेंटिमीटर वाढवायला हरकत कोणती?

इथे एक कबुली या शास्त्रालाही द्यावी लागते. आपल्या भागात पूल पाडते ते बहुतेक वेळा पाणी. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी कमानींचा पूल पुरात गेला आणि एसटीच्या दोन गाड्यांसह चाळीसच्या आसपास माणसे वाहून गेली. नवा पूल 165 दिवसांत झाला, म्हणजे इच्छा असली की वेग मिळतो हेही सिद्ध झाले. कधी कारण नुसते दुर्लक्षही असते: 15 जून 2025 रोजी मावळात कुंडमळ्याजवळ इंद्रायणीवरचा लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीखाली कोसळून चार जण दगावले. त्या पुलावर धोक्याचा फलक आधीपासून होता.

पूर पुलाला वरून ढकलण्यापेक्षा खालून पोखरतो. खांबाला आपटून पाणी भोवऱ्यासारखे खाली उतरते आणि पायाभोवतीची रेती उपसून नेते. पूर ओसरताना तो खड्डा गाळाने भरून जातो, म्हणून दुसऱ्या दिवशी पाहणाऱ्याला सगळे ठीक दिसते. त्यात नदीतून रेतीचा बेसुमार उपसा झाला की सगळा तळच खाली जातो आणि आखणीच्या वेळी जमिनीत असलेला पाया उघडा पडतो. वर्धा, वणा, धाम, यशोदा, बोर या आपल्या नद्या वर्षातले आठ महिने शांत असतात आणि जुलै-ऑगस्टमध्ये एका रात्रीत रपटे बुडवतात. त्यामुळे तळाचे मोजमाप पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, असे दोनदा व्हायला हवे. पाया पोखरलेल्या पुलाचा खांब हिशेबातल्यापेक्षा उंच होतो आणि भूकंपात वेगळ्याच रीतीने हलतो. पूर आणि भूकंप ही दोन खाती आपण कागदावर वेगळी ठेवतो. पूल एकच असतो.

सुदैवाने उपायही पुष्कळसे सामाईक आहेत. रुंद बैठक आणि बाजूचे ठोकळे पुराने ढकललेला गर्डरही थोपवतात. गाळे एकमेकांना बांधलेले असतील तर एकाचे ओझे दुसरा काही काळ पेलतो आणि कोसळण्याआधी माणसांना वेळ मिळतो. गेल्या दशकातली खरी भर पडली आहे ती देखरेखीत. केंद्रीय रस्ते मंत्रालयाने 2016 मध्ये पुलांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. त्यात राष्ट्रीय महामार्गांवरच्या दीड लाखाहून अधिक पुलांची आणि मोऱ्यांची नोंद झाली. ड्रोनने खांबाची टोपी पाहता येते, पूर्वी तिथे मचाण बांधावे लागे. खांबावर बसवलेला छोटा कंपनमापक पुलाच्या हलण्याचा ठेका नोंदवतो, आणि तो ठेका संथ झाला की आत काहीतरी सैल झाले आहे हे भेग दिसण्याआधी कळते. जिल्हा परिषदेच्या पुलांपर्यंत हे पोचायला वेळ लागेल. मोजपट्टी आणि वही मात्र आजही पोचलेली आहे.

पुलांवरून घरांकडे वळताना किल्लारी पुन्हा समोर येते. तिथे माणसे मारली ती दगडमातीच्या जाड भिंतींनी आणि धाब्याच्या वजनाने. भिंत दुपदरी, दोन्ही पदरांत गोल दगड, मधे चुरा, आणि दोन्ही पदर बांधणारा आरपार दगड नाही. हादऱ्यात पदर सुटले, आतले घसरले आणि वरची टनावारी माती झोपलेल्या माणसांवर आली. त्याच गावांत कुडाच्या, गवती छपराच्या झोपड्या टिकल्या. पुनर्वसनात 52 गावे नव्या जागी वसवली गेली. लाखो जुन्या घरांच्या दुरुस्तीत आरपार दगड बसवणे, छताची माती कमी करणे आणि खिडक्यांच्या वर सलग भूकंपपट्टा घालणे ही कामे झाली. त्या कामात गावोगावच्या स्त्रियांनी संवाद सहायक म्हणून दुरुस्तीचे तंत्र घराघरांत पोचवले. महाराष्ट्रातल्या भूकंपविद्येचा हा सर्वांत मोठा धडा कुठल्याही प्रयोगशाळेबाहेरचा आहे.

वर्ध्याला तो धडा परका वाटू नये. सेवाग्राममधल्या 1936 नंतरच्या कुट्या बांबू, माती आणि कवेलूंच्या आहेत. गांधीजींचा आग्रह गरिबीचा आणि आसपासच्या साहित्याचा होता. भूकंपाचा विचार त्यामागे नव्हता. पण हलके छप्पर आणि बांबूने विणलेली भिंत ही हादऱ्यातही चांगली रचना ठरते, कारण वजन कमी आणि लवचीकपणा जास्त. 1976 मध्ये देवेंद्रकुमार यांनी वर्ध्यात उभारलेल्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने शंकूच्या आकाराच्या मातीच्या कवेलूंच्या कमानी करून लाकूड आणि पोलाद वाचवणारी हलकी छपरे बांधली. अशा छपरांना भूकंपपट्ट्याची जोड कशी द्यावी, हा आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांसाठी प्रकल्पाचा विषय आहे.

काळ्या मातीची गोष्ट अशीच. ती उन्हाळ्यात आखडते, पावसाळ्यात फुगते आणि घरांना भेगा पाडते. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने त्यावर तळाशी फुगवटा असलेल्या खुंटांचा पाया विकसित केला. हे खुंट मातीच्या हालचालीच्या खाली जाऊन रुजतात आणि वर सलग बीमने एकमेकांना बांधले जातात. हाच बीम भूकंपात घराचे सगळे पाय एकत्र ठेवतो. मातीसाठी केलेला खर्च हादऱ्यालाही कामी येतो, फक्त बीमचे लोखंड कोपऱ्यात नीट वळवून सलग ठेवले पाहिजे.

सेवाग्रामसारखी जुनी घरे हलकी होती, शहरात नवी घरे धोक्याची होताहेत. खाली मोकळे पार्किंग आणि वर विटांच्या भिंतींनी भरलेले चार मजले, ही रचना आता वर्धा शहरातही नेहमीची झाली आहे. वरचा भाग ताठ, खालचा भाग नुसत्या खांबांवर. सगळे वाकणे त्या एका मजल्यात गोळा होते. 26 जानेवारी 2001 रोजी अहमदाबाद केंद्रबिंदूपासून 200 हून अधिक किलोमीटर दूर होते, तरी तिथे याच धाटणीच्या बहुमजली इमारती कोसळून शेकडो माणसे गेली. इथे वाकण्याची जागा अभियंत्याने ठरवली नव्हती; ती पार्किंगच्या सोयीने ठरली.

अलीकडचा आणखी एक बदल वाचकाने ध्यानात ठेवावा. न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्च शहरात 22 फेब्रुवारी 2011 च्या भूकंपात 185 माणसे गेली. आधुनिक नियमांनी बांधलेल्या बऱ्याच इमारतींनी आतली माणसे वाचवली, पण त्या इतक्या वाकल्या होत्या की नंतर पाडाव्या लागल्या. शहराचा मध्यभाग वर्षानुवर्षे बंद राहिला. तेव्हापासून प्रश्न एक पाऊल पुढे गेला आहे: माणसे वाचली, आता दुसऱ्या दिवशी ही इमारत वापरता येईल का? सगळ्या इमारतींना हे परवडत नाही. रुग्णालय आणि त्याच्याकडे नेणारा पूल यांना मात्र ते लागतेच. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आसपासच्या अनेक जिल्ह्यांतल्या रुग्णांचे आधारस्थान आहे. तिथपर्यंतच्या वाटेवरचा कोणता पूल गेला तर कोणते गाव तुटेल, ही यादी आपत्ती व्यवस्थापनाच्या फायलीत असावी आणि पहिला खर्च त्या यादीवर व्हावा.

पुस्तक तीन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. पदविका आणि पदवीच्या विद्यार्थ्याला संहितेतल्या सूत्रांमागचा विचार मराठीत मिळेल; त्याने गणिताची प्रकरणे गाळू नयेत. साइटवरचे अभियंते, गवंडी आणि लोखंड बांधणारे यांनी आकृत्यांपासून सुरुवात करावी. रिंगेचे टोक कसे वळवावे हे पाच पानांच्या मजकुरापेक्षा एका आकृतीत कळते. तिसरा वाचक सरपंच, नगरसेवक किंवा घर बांधणारा सामान्य माणूस. त्याच्याकडून सूत्रांची अपेक्षा नाही. त्याने चार प्रश्न विचारायला शिकावे. पायाखालचा खडक किंवा माती तपासली का? खांबांच्या रिंगा टोकाशी दाट आहेत का आणि त्यांची टोके आत वळली आहेत का? पुलाच्या टोपीवर गर्डरला बसायला किती जागा ठेवली आहे? पार्किंगच्या मजल्यावर भिंती किंवा जादा ताकदीचे खांब आहेत का?

झोन दोनमध्ये या प्रश्नांची उत्तरे द्यायला कायदा पुरेसा भाग पाडत नाही. विचारणारा असेल तर उत्तर द्यावे लागते. शिवाय या कामाला ठरलेली वेळ आहे. काँक्रीट ओतल्यावर रिंग दिसत नाही, टोक कुठे वळले ते कळत नाही, आणि कुठलाही दाखला ते परत बदलू शकत नाही. म्हणून गावात पुढचा पूल किंवा शाळेचा मजला मंजूर झाला की ओतकामाच्या आदल्या दिवशी साइटवर जावे, आकृती हातात धरून लोखंड पाहावे आणि चुकीचे असेल तर त्याच दिवशी काम थांबवावे.